फोन आपला, पण त्यात काय टाकायचे हे ठरवणार कोण?

मागवाला (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस मनात खदखदत असलेला विषय मांडतोय.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही यंत्रमाग कारखान्यांसाठी मी एक ॲप लिहिले आहे. कोणत्या मागावर कोणी किती टॉवेल काढले, त्यात डागी किती निघाले, कुणी किती उचल घेतली आणि आठवड्याला हातात किती द्यायचे, एवढाच हिशेब. मराठीत आणि तेलुगूत चालते. इंटरनेट लागत नाही, कारखान्याची माहिती फोनबाहेर जात नाही. हे ॲप प्ले स्टोअरवर नाही. कारखान्यात जायचे, मालकाच्या फोनला केबल लावायची, एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, टाकायची, मुकादमाला शेजारी बसवून दाखवायचे आणि चहा पिऊन निघायचे, अशी आमची पद्धत. पुढे काही बदल केला की नवी फाइल व्हॉट्सॲपवर.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की गूगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनवर यापुढे फक्त ओळख नोंदवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. प्ले स्टोअरवरून घ्या नाहीतर बाहेरून, नियम एकच. पहिला टप्पा सप्टेंबर २०२६ चा, त्यात ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड. बाकीच्या देशांचा नंबर २०२७ पासून. बराच विरोध झाल्यावर नोव्हेंबरमध्ये त्यांनी सांगितले की जाणकारांना धोका पत्करून पुढे जायची एक वाट ठेवू.

मला ओळख लपवायची नाही. कारखानदार मला लहानपणापासून ओळखतात, ॲप बिघडले तर घरी येऊन बोलावतात. माझा आक्षेप वेगळा आहे. देणारा मी, घेणारा तो, फोन त्याने रोख पैसे मोजून घेतलेला. या व्यवहारात तिसऱ्याची परवानगी कशाला? आणि ती आज मागितली तर उद्या नाकारणारही तोच.

दोन प्रश्न आहेत. फोनमध्ये काय बसेल याचा शेवटचा शब्द कोणाचा असावा? आणि माझ्यासारख्याने आता नेमके काय करावे?

भुईकोट

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

जुळे_सोलापूरकर

मागवाला, तुमची तळमळ पोचली. पण मला हा नियम हवा आहे, आणि का हवा आहे तेही सांगते.

गेल्या लग्नसराईत आमच्या आत्याला व्हॉट्सॲपवर फाइल आली. पाठवणारा घरातलाच, चुलत दिराचा मुलगा. फाइलचे नाव लग्नपत्रिका, शेवटी एपीके. आत्याने दाबले. फोनने इंग्रजीत काहीतरी विचारले, तिने 'अलाऊ' केले. पुन्हा विचारले, पुन्हा 'अलाऊ'. एसएमएस वाचायची परवानगी त्यातच गेली. पत्रिका काही उघडली नाही आणि ॲपचे चिन्हही दिसेनासे झाले, म्हणून ती विसरून गेली. रात्री खात्यातून पैसे निघाले. ओटीपी परस्पर तिकडे जात होते, इकडे मेसेजचा आवाजसुद्धा झाला नाही. घराला फरशी बसवायला ठेवलेले पैसे होते ते. सकाळी भिशीच्या ग्रुपवर तीच फाइल आत्याच्या नावाने गेलेली दिसली तेव्हा कळले. त्या मुलाचा फोनही असाच आधी ताब्यात गेला होता. १९३० ला फोन लावला, सायबर पोलिसांकडे गेलो, थोडी रक्कम गोठवता आली, बाकीची गेली ती गेलीच.

फोनने तिला विचारले नव्हते असे नाही, चांगले दोनदा विचारले. पण आमंत्रण घरचे असताना ती नाही कशी म्हणेल? तुमच्यासारख्यांना मोकळे रान हवे म्हणून आत्यासारख्यांनी किती वेळा लुटून घ्यायचे?

डाळिंबवाला

ताई, असलंच आमच्या सांगोल्याकडं झालं. तिथं फाइलीचं नाव पीएम किसान होतं. हप्ता जमा झाला का बघा म्हणून आलेली.

निवृत्त_शाखाधिकारी

वाहन दंडाची पावती, वीजबिल थकल्याची नोटीस, बँकेचे केवायसी, अशी नावे बदलत राहतात. आतला माल एकच. एसएमएस वाचणारे ॲप फोनमध्ये बसवायचे आणि ओटीपी पळवायचा.

मोकळा_स्रोत

@जुळे_सोलापूरकर, आत्यांचे वाचून फार वाईट वाटले. तुमच्या रागात मी सोबत आहे. पण त्या चोरीला या नियमाने आळा बसेल का, हे नीट बघायला हवे.

अँड्रॉइडवर बाहेरचे ॲप टाकायला अडथळे नाहीत असे नाही. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, व्हॉट्सॲपला वेगळी परवानगी, ब्राउझरला वेगळी. अँड्रॉइड १३ मध्ये बाहेरून आलेल्या ॲपला काही धोकादायक परवानग्या सहज देता येणार नाहीत अशी सोय झाली. २०२४ मध्ये गूगलने भारतात प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे फोनमधली ॲप तपासणाऱ्या त्यांच्या यंत्रणेचा, एक प्रयोग सुरू केला. बाहेरून आलेले ॲप एसएमएस वाचायची किंवा स्क्रीनवर ताबा मिळवायची परवानगी मागत असेल तर ते बसवूच द्यायचे नाही. हा उपाय मला पटतो, कारण इथे ॲप काय करते ते बघितले जाते. मागवाल्यांचा हिशेब एसएमएसला हात लावत नाही, म्हणजे त्याला अडवायचे कारण नाही.

नवा नियम ॲप कोणी बनवले एवढेच विचारतो. दुसऱ्याच्या नावावर सिमकार्डे आणि बँक खाती काढणाऱ्या टोळ्यांना दुसऱ्याच्या नावावर एक डेव्हलपर खाते काढणे कितीसे अवघड आहे? अडकेल तो पुण्यातला विद्यार्थी, नाव न सांगता ॲप लिहिणारा एखाद्या हुकूमशाही देशातला पत्रकार, आणि एफ-ड्रॉइडसारखे भांडार. एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे. तिथे फक्त मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही बघता येतो अशी, ॲप मिळतात, जाहिरात नाही, पाळत नाही. या नियमाने आमचे काम बंद पडेल असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

आणखी एक. कर्ज देणाऱ्या ॲपनी लोकांना कसे छळले ते आठवा. फोनमधले नंबर आणि फोटो काढून घ्यायचे आणि नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवायचे. त्यातली बरीच ॲप लोकांनी प्ले स्टोअरवरूनच घेतली होती. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने तिथून अडीच हजारांवर कर्ज ॲप काढली, हे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. दुकान अधिकृत आहे म्हणून माल सुरक्षित ठरत नाही.

सफरचंद_प्रेमी

मी दुसऱ्या टोकाचा. बाबांना आयफोन घेऊन दिला तो यासाठीच. त्यांच्या फोनवर कोणी काहीही पाठवो, एपीके बसतच नाही. रात्री निवांत झोपतो. जास्तीचे पैसे मी कुलपासाठीच मोजले आहेत. ज्याला मोकळा फोन हवा त्याने तो घ्यावा, पण आमच्या फोनचे कुलूप काढा म्हणून कोर्टात का जावे?

मागवाला

@सफरचंद_प्रेमी, तुमच्या बाबांच्या फोनला कुलूप असावे हे मला शंभर टक्के मान्य. पण ते तुम्ही लावलेले असावे आणि तुम्हाला काढता यावे. आज ते काढायचे ठरवले तर भारतात कोणाकडे जाणार? आणि मोकळा फोन घ्या म्हणता, तर मोकळा म्हणून जो होता त्याचेच हे चालले आहे. उद्या दोन्हीकडे सारखेच झाले की तिसरे दुकान कुठे आहे?

शेंगाचटणी

उद्या चाटी गल्लीतला दुकानदार म्हणाला, ही चादर आमच्याच गादीवर घालायची, दुसऱ्या गादीवर घातली की ऊब लागणार नाही, तर सोलापूरकर त्याला काय काय ऐकवतील ते इथे लिहिता येणार नाही.

भुईकोट

शेंगाचटणी, एकदम पटलं. आपल्या चादरीला तर जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तरी कोणी विचारत नाही की ती अंथरतो की पांघरतो.

नवीपेठ_मोबाईल

मालक, हे काय नवीन नाही. नोकियाचा एन७३ आठवतोय का? गिऱ्हाईक मेमरी कार्ड घेऊन यायचं, गेम टाकून दे बे म्हणायचं. टाकायला गेलं की फोन म्हणायचा सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय. मग आम्ही काय करायचो, फोनची तारीख मागं न्यायची, गेम टाकायचा, तारीख परत पुढं आणायची. त्यातल्या सिम्बियन सिस्टीमला तवाच सही लागायची. सही नसली की बरीचशी ॲपं बसायची नाहीत. लोकांनी वाट काढली, कारण तवा काढता येत होती.

आता माझं दुखणं सांगतो. ॲपचं सोडा, सुट्ट्या पार्टलासुद्धा आता परवानगी लागते. एकाच मॉडेलचे दोन फोन घ्या. एकाचा मदरबोर्ड गेलाय, दुसऱ्याची काच फुटलीय. पहिल्याचा कंपनीचा ओरिजनल डिस्प्ले काढून दुसऱ्याला लावला, तर फोन म्हणतो पार्ट ओळखू येत नाही. डिस्प्ले चालतोय, टच चालतोय, पण सेटिंगमध्ये कायमचा मेसेज. गिऱ्हाईक डाफरतं, डुप्लिकेट घातलास काय बे म्हणून. त्याला समजावून सांगण्यात माझा अर्धा तास जातो आणि विश्वास जातो तो वेगळाच. माझ्या हातातली कारागिरी तीच हाय, पण फोन माझ्याविरुद्ध साक्ष देतो.

अक्कलकोट_रोड

नवीपेठ, मेमरी कार्डचा विषय काढलात आणि डोळ्यासमोर एसटी स्टँडजवळची दुकाने आली. दहा रुपयांत गाणी भरून मिळायची. यादी लिहून दिली की तासाभरात कार्ड तयार. गड्ड्याच्या यात्रेत पण असे स्टॉल असायचे.

शेंगाचटणी

आणि सोबत न मागितलेली भक्तिगीते फुकट. आमच्या आजोबांसाठी ती, आमच्यासाठी बाकीची.

कायदेभान

गाण्यांवरून मूळ विषयाकडे येते. वकील आहे, ग्राहक आयोगातल्या केसेस बघते, म्हणून थोडे सविस्तर.

पार्टच्या कुलपाबद्दल अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. पार्ट फोनशी असा बांधून टाकायचा की दुसरा लावला तर चालू नये किंवा चुकीचा इशारा यावा, याला त्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढले. कायद्याचे बळ मात्र अजून मिळालेले नाही.

आता ॲपचे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि पाच दिवसांनी प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा. सगळ्यांच्या लक्षात दंडाचे आकडे राहिले. माझ्या मते त्याहून मोलाच्या होत्या त्या पहिल्या आदेशातल्या सूचना. त्यातली एक अशी की बाहेरून ॲप टाकण्यावर बंधने आणू नका. दुसरी अशी की दुसऱ्या कंपनीचे ॲप स्टोअरही प्ले स्टोअरमधून मिळू द्या. मार्च २०२३ मध्ये अपिलात एनसीएलएटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने, दंड कायम ठेवला आणि चार सूचना रद्द केल्या. या दोन्ही त्या चारात होत्या. म्हणजे मागवाल्यांना ज्याचा आधार झाला असता तेवढाच भाग गळाला. दुसरा दंडही मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

दुकान एकाच्याच हाती असले की काय होते ते १ मार्च २०२४ ला दिसले. कमिशनच्या वादातून गूगलने नोकरी, शादी, भारत मॅट्रिमोनी, ९९ एकर्स अशी नावाजलेली भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून काढली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव मध्ये पडले तेव्हा काही दिवसांत ती परत आली. त्यांच्यासाठी मंत्री धावले. पूर्व भागातल्या हिशेबाच्या ॲपसाठी कोण धावणार?

निवृत्त_शाखाधिकारी

कायदेभान ताई, माहिती उत्तम. आता बँकेच्या बाजूचे दोन शब्द ऐका. आयुष्य काउंटरच्या अलीकडे गेले आहे, त्यामुळे कळकळीने लिहितो.

रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि त्याने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काही बोजा पडत नाही. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, म्हणजे पासवर्ड वा ओटीपी त्याने स्वतः दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. आता आत्यांनी 'अलाऊ' दाबले, हा निष्काळजीपणा आहे का? बँक म्हणते, आहे. घरचे म्हणतात, नाही. अशा भांडणात मी दोन्हीकडच्या माणसांचे चेहरे बघितले आहेत. म्हणून म्हणतो, फोनवर शेवटचा शब्द माझा असे म्हणणाऱ्याने नुकसानीतला वाटाही उचलायची तयारी ठेवावी. कंपनीने कुलूप लावले आणि तरी चोरी झाली तर जबाबदारी कंपनीकडे मागता येईल. कुलूप तुम्ही काढलेत तर ती कोणाकडे मागाल?

बँकेची ॲप रूट केलेल्या, म्हणजे कंपनीचे कुलूप तोडून पूर्ण ताबा घेतलेल्या, फोनवर चालत नाहीत त्यामागेही हेच आहे.

मोकळा_स्रोत

काका, जबाबदारीचा मुद्दा मान्य. पण कंपनीकडे मागता येईल म्हणता, तर एखाद्या तरी ग्राहकाला फोन कंपनीने फसवणुकीचे पैसे भरून दिलेले बघितले आहेत का? अधिकार त्यांनी ठेवला, जबाबदारी मात्र कुठल्याच करारात घेतलेली नाही. दोन्ही एका हातात असते तर मी इतके बोललो नसतो.

बँकेच्या ॲपबद्दलही सांगतो. ही ॲप गूगलच्या यंत्रणेला विचारतात की हा फोन कंपनीने दिला त्याच अवस्थेत आहे का. माझ्याकडे एक जुना फोन आहे. कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केले. मी त्यावर लाइनेजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली टाकली, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या नव्याने मिळू लागल्या. माझ्या बँकेच्या ॲपला तो चालत नाही. शेजाऱ्याच्या फोनला कित्येक वर्षांत एकही दुरुस्ती मिळालेली नाही, तो चालतो, कारण कंपनीचा शिक्का शाबूत आहे. बँकेने सुरक्षितता तपासली असती तर निकाल उलटा लागला असता.

निवृत्त_शाखाधिकारी

हे मात्र खरे आहे. फोन कंपनीने भरपाई दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तरीही, कुलूप सैल करण्याआधी जबाबदारी कोणाची ते कायद्याने ठरावे, हे माझे मत कायम.

स्टुटगार्टचा_सोलापुरी

इकडचा अनुभव. युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ मध्ये आयफोनच्या प्रणालीची नवी आवृत्ती, आयओएस १७.४, आली आणि युरोपीय संघातल्या आयफोनवर दुसरी ॲप स्टोअर टाकायची मुभा मिळाली. एप्रिलमध्ये ऑल्टस्टोअर नावाचे असे एक स्टोअर आले. २०२० पासून आयफोनवरून गायब असलेला फोर्टनाइट हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये इकडे परत आला. आमच्या चिरंजीवांनी त्या दिवशी डोके वर केले नाही, फोनही खाली ठेवला नाही.

आयफोनवाल्यांचे आकाश कोसळले का? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दुसरे स्टोअर टाकलेलेच नाही. ज्याला हवे त्याने टाकले. टाकताना फोन तीन-चार पडद्यांवर सावध करतो आणि मग पुढे जाऊ देतो. @सफरचंद_प्रेमी, तुमचे बाबा इथे असते तरी त्यांचा फोन होता तसाच राहिला असता.

पण कंपनीने दार उघडताना उंबरठा चांगलाच उंच ठेवला. दुसऱ्या स्टोअरमधल्या ॲपलाही ॲपलची तपासणी चुकत नाही. वर सुरुवातीला, २०२४ मध्ये, नव्या अटी घेणाऱ्या ॲपला वर्षाला दहा लाखांपुढच्या प्रत्येक पहिल्या इन्स्टॉलला अर्धा युरो शुल्क होते. म्हणजे तेव्हा फुकट ॲप लोकप्रिय झाले तर बनवणाऱ्याचे दिवाळे. ग्राहकाला बाहेरच्या स्वस्त सौद्याची माहिती देण्यावर बंधने घातली म्हणून एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड केला. त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेत फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक कंपनीच्या खटल्यात न्यायाधीशांनी ॲपलने कोर्टाचा आदेश जाणूनबुजून मोडल्याचे नोंदवले. जपाननेही असा कायदा केला असून तो डिसेंबर २०२५ पासून लागू आहे.

अवांतर: इथे कडक भाकरी मिळत नाही आणि कुरियरने येते ती चुरा होऊन येते. उपाय असल्यास कळवा.

शेंगाचटणी

चुरा होऊन आली तर दही आणि माझं नाव असलेला पदार्थ घालून कालवा. तक्रार मिटेल.

डाळिंबवाला

ट्रॅक्टरचं बी हेच हाय म्हणं. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर शेतकऱ्याला उघडता येत नाही. बिघाड झाला की डीलरची वाट बघत पीक उभं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेतकरी संघटनेनं कंपनीशी करार केला, पण भांडण मिटलं नाही. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगानं कंपनीवर दावाच ठोकला. आपल्याकडं अजून गावातला मिस्त्री पाना घेऊन ट्रॅक्टर खोलतो. त्याच्या हातातला पाना जाऊ नये एवढंच वाटतं.

अनघा_शिक्षिका

एक बाजू कोणीच मांडली नाही. कंपनीच्या हातात कुलूप आहे तोवर सरकारला फक्त कंपनीचे दार ठोठवावे लागते. चीनने सांगितले आणि २०१७ मध्ये ॲपलने तिथल्या स्टोअरमधून व्हीपीएनची ॲप काढली. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत ते दाखवणारे नकाशाचे ॲप काढले. आयफोनवर बाहेरून टाकायची सोय नसल्यामुळे स्टोअरमधून गेले ते नव्या माणसासाठी संपले.

आपल्याकडेही २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार खात्याने सर्व नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून घालायचा आदेश काढला. देशभर विरोध झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप चांगले की वाईट हा वेगळा प्रश्न. चोरीला गेलेला फोन बंद करायला ते उपयोगी पडते, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना सांगते. पण माझ्या फोनमध्ये काय घालायचे हे दिल्लीत आणि काय काढायचे हे कॅलिफोर्नियात ठरू लागले, तर मी मुलांना नागरिकशास्त्रात काय शिकवू?

कायदेभान

अनघाताई, अगदी. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद.

सफरचंद_प्रेमी

अनघाताईंचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी बाबांच्या बाबतीत मत बदललेले नाही. हजार घरांत एक मागवाला असतो आणि त्यातल्या नऊशे घरांत एकेक आत्या असते. नियम करताना आत्याकडे बघून करावा लागतो.

जुळे_सोलापूरकर

काल रात्री आत्याला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, मला अडवायला नको होते, मला समजेल अशा बोलीत सांगायला हवे होते. 'हे ॲप तुमचे सगळे मेसेज वाचेल, बँकेचेसुद्धा' एवढे मराठीत आले असते तर मी दाबले नसते, असे तिचे म्हणणे.

त्यामुळे मी थोडी सरकले आहे, पण पूर्ण नाही. कुलूप असावे. उघडायला घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी संमती लागावी. मुलाला किंवा सुनेला मेसेज जावा आणि त्यांनी हो म्हटले तर उघडावे. किल्ली घरातच राहील.

मागवाला

जुळे ताई, किल्ली घरात राहावी, हे मला मनापासून पटले. घरातल्या माणसाने लावलेल्या कुलपाबद्दल माझी काही तक्रार नाही. आत्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्या ॲपमध्ये परवानगी मागताना जी वाक्ये येतात ती मी आजच त्यांच्या नजरेने वाचली आणि मराठी-तेलुगू दोन्ही सोपी करायला घेतली आहेत.

आता माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे कोणी काही सांगेल का?

मोकळा_स्रोत

सांगतो. नाव नोंदवून टाका. तत्त्व सोडा असे म्हणत नाही, पण नियम आपल्याकडे लागू झाल्यावर आठवड्याच्या पगाराला मुकादमाचा फोन अडला तर शिव्या तुम्हाला बसतील, गूगलला नाही. पूर्ण खात्याला २५ डॉलर एकदाच भरावे लागतात. विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मोफत खातेही ठेवले आहे, पण त्यात मोजक्याच फोनवर ॲप देता येते. तुमचे कारखाने वाढले तर ते पुरणार नाही. नोंदणीत ॲपचे पॅकेज नाव आणि सही करायची किल्ली (ॲप तुमचेच असल्याची खूण पटवणारी फाइल) तुमच्या नावावर लागते. ती किल्ली पेन ड्राइव्हवर दोन ठिकाणी जपा. हरवली तर जुन्या ॲपवर नवे अपडेट बसणार नाही.

संगणकावरून केबलने, म्हणजे एडीबीने टाकायची वाट बंद होणार नाही असे गूगलने सांगितले आहे. तुम्ही कारखान्यात जाऊन टाकता, त्यामुळे तुमचे काम तिथे अडू नये. अडचण येईल ती व्हॉट्सॲपवरच्या फाइलची. आणि तसेही, इथले सगळे वाचल्यावर व्हॉट्सॲपवर एपीके पाठवणे थांबवाच. तुमच्या गिऱ्हाइकांना त्या फाइली दाबायची सवय लागते, आणि चोर त्याच सवयीवर जगतात.

तिसरी वाट वेब ॲपची. ब्राउझरमधून होम स्क्रीनवर घ्यायचे, एकदा उघडले की इंटरनेटशिवायही चालेल असे लिहिता येते. त्याला कोणाच्या स्टोअरची गरज नाही, आणि आयफोनवाल्या कारखानदारालाही देता येईल.

मागवाला

हे फार उपयोगी. नोंदणी करतो आणि वेब ॲपही लिहायला घेतो. व्हॉट्सॲपवरची फाइल आजपासून बंद, हे शब्दशः पाळेन. पण नोंदणी केली म्हणून मला नियम पटला असे कोणी समजू नये. कायदेभान ताई, स्पर्धा आयोगाकडे सामान्य माणसाला म्हणणे मांडता येते का?

कायदेभान

येते. ॲपलविरुद्ध आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये चौकशीचा आदेश दिला तो राजस्थानातल्या एका छोट्या संस्थेच्या तक्रारीवरच. कोणाचाही व्यक्तिगत तोटा झालेला असावा लागत नाही, पण कागद पक्के लागतात. कारखानदारांची पत्रे गोळा करा, ॲप बंद पडले तर काम कसे अडेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मसुदा मी बघून देईन, त्याचे काही घेणार नाही.

निवृत्त_शाखाधिकारी

मसुद्यात जबाबदारीचे कलम घालायला विसरू नका. अधिकार ठेवणाऱ्याने भरपाईचा वाटा उचलावा, हे तुमच्याही बाजूचे आहे.

जुळे_सोलापूरकर

आमच्या नातेवाइकांच्या आणि भिशीच्या ग्रुपवर आज हे टाकले, कोणाला हवे असेल तर घ्या:

'लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. शेवटी एपीके लिहिलेली पत्रिका नसते. घरच्या माणसाकडून आली तरी दाबू नका, आधी त्याला फोन करा. दाबली गेली असेल तर लगेच इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० ला फोन करा. लाजू नका, उशीर करू नका.'

नवीपेठ_मोबाईल

अक्का, लई भारी लिहिलंय. मोठ्या अक्षरात छापून दुकानात काउंटरवर लावतो. रिचार्जला येणाऱ्या बायका निम्म्या तेलुगू वाचणाऱ्या हायत. तेलुगूत कोण लिहून देईल का?

मागवाला

अण्णा, मी देतो, आईकडून तपासून घेऊन. उद्या संध्याकाळपर्यंत दुकानात आणून देतो. विजापूर वेशीकडच्या लोकांसाठी उर्दूत आणि होटगी रोडसाठी कन्नडमध्येही हवे. ते कोण लिहील?